रंगवलेलं इंजिन

बार्शी लाईट रेल्वेचं नाव काढलं की आमच्या भागातली साठीपुढची माणसं आधी हसतात. ती गाडी इतकी सावकाश जायची म्हणे, की पुढच्या डब्यातून उतरावं, ज्वारीच्या रानात शिरून हुरड्याची चार कणसं मोडावीत आणि मागच्या डब्यात निवांत चढावं. असं सांगणारे मला आजवर पन्नास तरी भेटले असतील. प्रत्यक्ष कणसं मोडून आणलेला एकही भेटला नाही. पण गाडीवर माणसांचा जीव होता, म्हणून तिची चेष्टा व्हायची. एक्स्प्रेसची अशी चेष्टा कुणी करत नाही.

या चेष्टेच्या गाडीची हकिगत मात्र चेष्टेची नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनियर जी.आय.पी. रेल्वेत नोकरीला होता. मोठ्या लाइनीपासून बाजूला पडलेल्या गावांना परवडेल अशी स्वस्तातली रेल्वे काढता येते, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. बार्शी म्हणजे कापसाची, गळिताच्या धान्याची मोठी पेठ. पण स्टेशन पस्तीस किलोमीटर लांब, कुर्डुवाडीला. तेव्हा त्याचं नावही बार्शी रोड. मधला सगळा माल बैलगाड्यांवर. कॅलथ्रॉपनं नोकरी सोडली, लंडनमध्ये कंपनी काढली, आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी अशी अडीच फूट रुंदीची गाडी सुरू केली. पुढं ती १९०६ ला पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूरला, आणि १९२७ ला मिरजेला. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर.

त्याची युक्ती साधी होती, पण फार खोल. गाडीच्या कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये, मग ते इंजिन असो की वाघीण. भार सगळीकडं सारखा वाटला की रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, भराव कमी लागतो. त्याचे रूळ यार्डाला तीस पौंडांचे, म्हणजे आजच्या हिशेबानं मीटरला पंधरा किलो. आज ब्रॉडगेजला साठ किलोचा रूळ टाकतात. या हलक्या रुळांवर भरपूर ओढणारं इंजिन हवं, म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीनं एका बाजूला चार अशी आठ चालती चाकं आणि मागं चार लहान चाकं असलेली इंजिनं बांधून दिली. ती जहाजात घालण्याआधी १८९६ मध्ये लीड्सजवळ न्यूले इथं तात्पुरते रूळ टाकून सगळ्यांना चालवून दाखवली. पुढं कॅलथ्रॉपनं विमानातून उडी मारायचं पॅराशूटही बनवलं आणि घोड्यांवर पुस्तक लिहिलं. माणूस असा होता. आमच्याकडं मात्र त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, आणि त्याची गाडी सगळ्यांना.

१९५४ साली ही गाडी सरकारजमा झाली. त्यानंतर एकदोन वर्षांतच आमचे धाकटे चुलते कुर्डुवाडीच्या शेडात खलाशी म्हणून लागले आणि फिटर होऊन निवृत्त झाले. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. तात्यांच्या अंगाला कायम एक वास यायचा, कोळशाची राख, गरम तेल आणि चिंध्या यांचा मिळून. चुलती म्हणायच्या, "साबण झिजतो, वास काय जात न्हाई."

वाफेचं इंजिन म्हणजे काय चीज असते, हे तात्यांमुळं मला लहानपणी जवळून दिसलं. डिझेलला किल्ली फिरवली की झालं. वाफेच्या इंजिनाला सकाळची गाडी न्यायची असेल तर आदल्या रात्रीपासून उठवावं लागतं. आधी बॉयलरमध्ये पाणी, मग लाकडं आणि तेलात भिजवलेले बोळे, मग हळूहळू कोळसा. घाई केली तर थंड लोखंडाला ताण पडतो, सांधे गळायला लागतात. भट्टीच्या माथ्यावर कायम पाणी पाहिजे. ते खाली गेलं की माथ्यातला शिशाचा प्लग वितळतो आणि वाफ भट्टीत शिरून आग मारते. तो प्लग वितळू दिला म्हणजे फायरमनची अब्रू गेली. पाणी किती आहे ते दाखवणाऱ्या दोन काचनळ्या ड्रायव्हरसमोर असतात. एक खोटं बोलली तर दुसरी खरं सांगेल म्हणून दोन. आणि आमच्याकडचं पाणी तर माहीतच आहे. घागरीला जो खार धरतो, तोच बॉयलरला आतून धरायचा. ठरावीक दिवसांनी इंजिन गार करून, तळाची झाकणं उघडून, सळ्या घालून आणि पाण्याचा फवारा मारून तो काढायचा. तात्यांची अर्धी नोकरी हा खार काढण्यात गेली.

आषाढीला सगळं शेड रात्रंदिवस जागं. लातूरकडून, मिरजेकडून येणाऱ्या गाड्या वारकऱ्यांनी अशा भरायच्या की डब्याचा मूळ रंग दिसू नये. माणसं टपावर, माणसं दोन डब्यांच्या मध्ये. तात्यांच्या कपाळाला त्या दिवसांत बुक्का असायचा; येणाऱ्या-जाणाऱ्या माळकऱ्यांनी लावलेला. इंजिनालासुद्धा लावायचे. पुढच्या दिव्याखाली बुक्क्याचा ठिपका आणि तुळशीची माळ, आणि खालून वाफेचा फुत्कार, हे मी पाहिलेलं आहे.

पण याचं कौतुक मी जपून करतो. आगगाडीच्या आठवणी लिहिणारे बहुतेक जण खिडकीपाशी बसलेले असतात. भट्टीपाशी कोण होतं ते विचारावं. वैशाखात बाहेर बेचाळीस डिग्री आणि समोर उघडी भट्टी. येडशीच्या चढावर, बालाघाट चढताना, फायरमनला फावडं खाली ठेवायला सवड नसायची. तात्यांच्या उजव्या दंडावर वाफेनं भाजल्याचा तळहाताएवढा डाग होता, आणि खोकला तर शेवटपर्यंत सुटला नाही. शिवाय सरकारजमा होईपर्यंत या गाडीचा नफा लंडनच्या कंपनीकडं जात होता, आणि त्यात बार्शीच्या हमालाचा घाम होता. जुनं इंजिन बघून नुसता उमाळा येणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवलेलं बरं.

मग डिझेल आलं. पुढं २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्यानं सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. लातूरहून मुंबईला थेट गाडी मिळाली, हे चांगलंच झालं. जुनी गाडी गेली त्याचं वाईट वाटून घेणारा माणूस बहुधा तिच्यातून रोज जाणारा नव्हता.

तिच्या लोखंडाचं काय झालं, तर ज्याला जे सापडलं ते त्यानं वापरलं. रुळांची माळवदाला तुळई झाली, गोठ्याला खांब झाले. आमच्या शाळेची घंटा म्हणजे हातभर रूळ, कडुलिंबाला तारेनं टांगलेला. तो असा खणखणायचा की रानातली माणसं त्यावर जेवणाची वेळ ठरवायची. इंजिनं बहुतेक भंगारात गेली. जी थोडी राहिली ती कुठं कुठं चौथऱ्यावर चढवून ठेवली.

अशाच एका चौथऱ्यापाशी मी तात्यांना घेऊन गेलो होतो. ठिकाणाचं नाव लिहीत नाही, कारण अशी ठिकाणं देशभर आहेत आणि त्या एकाच कचेरीला बोल लावण्यात अर्थ नाही. नॅरोगेजचंच इंजिन होतं. काळाकुळकुळीत रंग, चाकांना लाल, दांड्यांना चंदेरी. भोवती बाग, साखळ्या, एक पाटी. पाटीवर कुणी उद्घाटन केलं ते होतं. इंजिन कुणी बांधलं, कुठल्या सालचं, कुठं चाललं, ते नव्हतं. पोरं त्यावर चढून फोटो काढत होती. मला खरं म्हणजे बरं वाटलं. म्हटलं, कुणीतरी जपलंय.

तात्या काही बोलले नाहीत. काठी टेकत एक फेरी मारली. मग धुराच्या पेटीखाली, पुढच्या बाजूला, बोटाच्या पेरानं टकटक केलं. नंतर बॉयलरवर. नंतर पुन्हा खाली. कुंभार मडकं वाजवून बघतो तसं नाही, वैद्य छाती वाजवून बघतो तसं. चांगला पत्रा वाजतो, सडलेला नुसता ठक म्हणतो. मग त्यांनी मला चिमणीकडं बोट दाखवलं.

"तोंड उघडं हाय."

"म्हणजे?"

"पावसाचं पाणी सरळ आत. आत राख काढलेली नसंल. राख आन् पाणी मिळून तेजाब होतंय लेका. खालचा पत्रा गेला. बॉयलरवरचं पत्र्याचं कातडं काढ, आतलं भरताड वलं असंल. वरून रंग, आतून जखम."

ड्रायव्हरच्या जागेत चढून पाहिलं तर पितळेचं एक बोंडूक शिल्लक नव्हतं. काचनळ्या नाहीत, प्रेशरचं घड्याळ नाही, शिट्टी नाही. जिथं जिथं भोकं होती तिथं सिमेंट भरून वर चंदेरी रंग मारला होता. त्या सिमेंटवरून तात्यांनी अंगठा फिरवला आणि खाली उतरले.

"मेलंय," म्हणाले, "पण पुरलं न्हाई. नटवून बशिवलंय."

तेव्हापासून माझ्या डोक्यात हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं बसला. जुनी इंजिनं दुरुस्त करावीत की सडू द्यावीत, असं लोक विचारतात. जणू दोनच वाटा आहेत. प्रत्यक्षात आपण बहुतेक ठिकाणी तिसरीच वाट धरतो. दर दोन-तीन वर्षांनी, कुणी साहेब यायचा असला की, गंजावर रंगाचा एक हात. लोखंड गंजलं की फुगतं, गंजाला लोखंडापेक्षा जागा जास्त लागते. रंगाखाली फुगवटा दिसला की त्यावर पुन्हा रंग. असं इंजिन सडतंय हे दिसतसुद्धा नाही. उघडं गंजलेलं इंजिन निदान खोटं तरी बोलत नाही.

उघडं सडू देण्याचीही एक रीत आहे. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियात उयुनी नावाचं गाव आहे. तिथं मिठाच्या वाळवंटाकडेला जुनी इंजिनं रांगेनं सोडून दिलेली आहेत, खारा वारा त्यांना कुरतडतोय, आणि लोक ते बघायला लांबून येतात. त्याला इंजिनांचं स्मशानच म्हणतात. याच्या अगदी उलट वेल्समधल्या बॅरी गावाची गोष्ट. तिथल्या डाय वुडहॅम नावाच्या भंगारवाल्यानं ब्रिटिश रेल्वेकडून २९७ इंजिनं तोडायला विकत घेतली. त्याला वाघिणी तोडण्याचं काम इतकं होतं, की इंजिनं समुद्राच्या वाऱ्यावर वर्षानुवर्षं गंजत पडली. तेवढ्यात हौशी लोक जागे झाले, वर्गण्या काढल्या, आणि एकेक करत २१३ इंजिनं तिथून सोडवून नेली. शेवटचं १९९० ला निघालं. त्यातली कितीतरी आज चालतात. म्हणजे गंज चढला म्हणून सगळं संपलं असं नाही. तोडलं की संपतं, आणि पितळ-तांबं चोरीला गेलं की अर्धं संपतं.

आमच्या चुलतभावाचं मत सरळ होतं. तो शेतकरी माणूस, आणि ते साल दुष्काळाचं. तो म्हणाला, "टँकरला पैसा न्हाई आन् इंजान कशाला उठवताय? घाला भंगारात. फाळ तरी व्हतील नांगराचे." यावर तात्या चिडतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "खरं हाय त्याचं. सगळीच ठिवायची म्हनलं तर शेड पुरायचं न्हाई. पर एक तरी आगीवर पायजे."

एक तरी आगीवर पाहिजे, हे त्यांचं म्हणणं मला मग जागोजागी पटत गेलं. ज्या किटसननं बार्शीची इंजिनं बांधली, त्याच घराण्याच्या कारखान्यानं १८५५ साली बांधलेलं 'फेअरी क्वीन' हे इंजिन १९०९ पासून नुसतं उभं होतं. ते १९९७ साली पुन्हा रुळावर धावलं, आणि चालू स्थितीतलं जगातलं सर्वांत जुनं इंजिन म्हणून त्याची नोंद झाली. रेवाडीच्या जुन्या शेडात वाफेची इंजिनं चालत्या स्थितीत राखली आहेत. दार्जिलिंगला शंभरीच्या आसपासची लहान इंजिनं अजून चढ चढतात. आणि निलगिरीच्या डोंगरगाडीसाठी तर तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यानं या शतकात नवी वाफेची इंजिनं बांधली. ती बांधता आली, कारण त्या डोंगरावर वाफ कधी पूर्ण थांबलीच नव्हती. जुनी बघणारी, उघडणारी, जोडणारी माणसं होती. आमच्याकडं मूर्तिजापूरच्या शकुंतलेचं मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं इंजिन १९९४ पर्यंत चाललं. सत्तर वर्षं. ते काही लोखंडाच्या गुणानं चाललं नाही, मूर्तिजापूरच्या फिटरांच्या गुणानं चाललं.

यावर शहाणी माणसं एक शंका काढतात. चालतं करायचं म्हटलं की बॉयलर नवा, नळ्या नव्या, चाकांच्या धावा नव्या. मग जुनं राहिलं काय? ही शंका पोकळ नाही. जुन्या पत्र्यावर ठोकलेले रिव्हेट, कुणीतरी छिन्नीनं घातलेला नंबर, ठिगळं, हे सगळं त्या इंजिनाचं चरित्र असतं, आणि ते काढून फेकलं की चरित्र गेलं. म्हणून ज्या इंजिनाच्या जातीचं जगात एकच उरलंय त्याला भट्टी पेटवायच्या नादी लागू नये असं मला वाटतं. त्याची राख काढावी, चिमणीला झाकण घालावं, दांड्यांना ग्रीस फासावं, डोक्यावर पत्र्याचं छप्पर द्यावं, आणि रंगाचा डबा त्याच्या आसपास आणू नये. बाकीच्यांसाठी मात्र मला आमच्या घरची बैलगाडी पुरे. सुतारानं तिचे आरे किती वेळा बदलले, लोहारानं धाव किती वेळा चढवली, जू तर माझ्या देखत दोनदा नवं झालं. तरी ती आज्याचीच गाडी होती, कारण सुगीला ती माल ओढत होती. ओढायची थांबली त्या वर्षी ती परड्यात पडली, आणि तीन पावसाळ्यांत तिची चूल पेटली.

कॅलथ्रॉपनं बार्शीसारखीच एक अडीच फुटी गाडी इंग्लंडात स्टॅफर्डशरमध्येही केली होती, मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात, १९०४ साली. इंजिनं पुन्हा किटसनचीच. एकाला त्याचंच नाव दिलेलं. ती तीस वर्षांत, १९३४ ला बंद पडली आणि इंजिनं मोडीत गेली. जिथं माणसं जुन्या इंजिनासाठी वर्गणी काढतात त्या देशातसुद्धा त्या दोन्हींतलं एकही राहिलं नाही. तेव्हा तसा विचारच कुणाच्या मनात नव्हता. आज त्या मार्गावरून लोक पायी आणि सायकलवरून फिरतात. माथेरानच्या जुन्या इंजिनांपैकी एक, ७४० नंबरचं, मात्र उलट्या दिशेनं गेलं आणि इंग्लंडात लेटन बझर्डच्या हौशी रेल्वेवर पोचलं. आमचं तिकडं जपलं गेलं आणि त्यांचं तिकडं मोडलं. याचा फार अर्थ लावू नये. ज्या गावात हौस आणि हात दोन्ही सापडले तिथं इंजिन टिकलं, एवढंच.

हौस आपल्याकडं नाही असं नाही. हात संपत चालले आहेत. वाफेवर काम केलेला सगळ्यांत तरुण फिटर आज म्हातारा आहे. पैसा आज नाही तर दहा वर्षांनी येईल, इंजिन छपराखाली तेवढं थांबेल. माणूस थांबत नाही. म्हणून त्या चौथऱ्यावरून परत आल्यावर मी एक केलं. भाच्याचा टेपरेकॉर्डर घेतला आणि तात्यांना बोलतं केलं. चार कॅसेटी भरल्या. इंजिन थंड असताना कोणत्या क्रमानं काय तपासायचं. खार कुठं जास्त धरतो. कुर्डुवाडीच्या आणि पंढरपूरच्या पाण्यात फरक काय. गळकी नळी गाडी न थांबवता कशी ओळखायची. इंजेक्टर हे एक अजब यंत्र आहे. बॉयलरचीच वाफ घेऊन बॉयलरच्याच दाबाविरुद्ध पाणी आत ढकलतं. ते नीट लागलं की गातं, असं तात्या म्हणायचे, आणि टेपवर त्यांनी तो आवाज तोंडानं काढून दाखवला आहे. न लागलेल्याचाही काढला आहे. पहिला सलग, बारीक. दुसरा फाटका, थुंकल्यासारखा.

चौथ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला मी त्यांना विचारलं होतं, की चढावर चाकं घसरायला लागली की ड्रायव्हर नेमकं काय करतो. वाळू टाकायची, हे त्यांनी सांगितलं. वाफेचा दांडा थोडा मागं घ्यायचा, हेही सांगितलं. किती मागं, असं मी विचारलं. टेपवर थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज आहे. मग तात्यांचा खोकला. मग ते म्हणतात, "ते तोंडानं सांगता येत न्हाई. हातात दांडा दे, मग दावतो."

ते सगळं मी वहीत उतरवून काढलं आहे, त्रेसष्ट पानं झाली. त्या प्रश्नापुढची जागा कोरी सोडली आहे.